तिसरी हाक

१ ऑक्टोबर, रविवार

आज उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी आमच्या कारखान्याच्या फोरमनचं नाव पुकारलं. म्हातारे शिंपीबाबा गेल्यापासून मंडळीच्या पंचांत एक खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर हा बसणार.

आमच्याकडे पंच नेमायची रीत जुनी आहे. तीन रविवार नाव पुकारतात. तिसऱ्या हाकेला मंडळीतल्या कोणालाही जागेवर उभं राहून प्रश्न विचारता येतो आणि ज्याचं नाव निघालं त्याने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. कारणं द्यायची नाहीत, पाल्हाळ लावायचं नाही. तुमचं हो ते हो असावं आणि नाही ते नाही, हे प्रभूचं सांगणं आमच्या पूर्वजांनी अगदी शब्दशः घेतलं. माझ्या आठवणीत आजवर एकदाच कोणी तरी प्रश्न विचारला. एका आजीने होऊ घातलेल्या पंचाला विचारलं, तू घोरतोस का? तो हो म्हणाला. सगळे हसले आणि तो पंच झाला.

मी फोरमनच्या मागच्याच बाकावर होतो. दाढी करताना त्याच्या मानेवर कापलं होतं. त्या जखमेकडे बघत बसलो आणि मनात आलं, देवा, तू उशीर करतोस पण विसरत नाहीस. बाहेर पडताना हिने विचारलं, आज एवढे खुशीत का? प्रवचन चांगलं झालं, म्हणालो.

माझा धाकटा भाऊ नेहमीप्रमाणे ऑर्गनशेजारी उभा होता. पूर्वी तो वाजवायचा. आता शाळेतल्या बाई वाजवतात आणि तो डाव्या हाताने त्यांची पानं उलटतो.

२ ऑक्टोबर, सोमवार

कामावर निघण्यापूर्वी हे एकदा नीट लिहून ठेवतो. राग साठवायचा तर कोरड्या जागी साठवावा, लाकडासारखा.

आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात दारं, खिडक्या, बाकं तयार होतात. मी जोडकामाला आहे. धाकटा गोल करवतीवर होता. दोन वर्षांपूर्वी त्या करवतीने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. मालकाने चौकशी बसवली. तिथे फोरमनने पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगितलं की करवतीवरचं लोखंडी झाकण धाकट्याने स्वतःच काढून ठेवलं होतं, रुंद फळी चालवायची म्हणून. त्यामुळे धाकटा निष्काळजी ठरला. पंधरा वर्षांची कारागिरी एका वाक्यात पुसली गेली आणि त्याला फाटकावर राखणीला बसवलं.

ते खोटं आहे. दवाखान्यात धाकटा मला म्हणाला होता, "झाकण जागेवर होतं, दादा." आणि दुसऱ्या दिवशी करवत मीच धुतली. झाकणाच्या आतल्या अंगाला रक्त होतं. काढून ठेवलेल्या झाकणाला आतून रक्त कसं लागेल? झाकण सैल झालेलं असणार. ते घट्ट करून घेणं फोरमनचं काम, म्हणून आपली कातडी वाचवायला त्याने माझ्या भावाची सोलली.

मी चौकशीत बोललो नाही. मला कोणी बोलावलंच नाही. आता मला बोलवायची गरज नाही.

४ ऑक्टोबर, बुधवार

प्रश्न तयार करणं वाटलं तेवढं सोपं नाही. आधी मनात आलं, विचारावं: माझ्या भावाचं वाटोळं तुम्ही केलंत का? पण त्याला तो बिनदिक्कत नाही म्हणेल. वाटोळं म्हणजे काय, ज्याचं त्याने ठरवावं. प्रश्न असा हवा की त्याला कुठेच फट नसावी.

जेवणाच्या सुट्टीत पॉलिशवाल्याचा सल्ला घेतला, नाव न घेता. तो कसलीच उपासना करत नाही, पण वाद घालायला एक नंबर. म्हणाला, "मला काय विचारता? माझा धंदाच खोट्याचा. आत देवदार, वर अक्रोड."

मी म्हटलं, पॉलिश खरवडलं की खरं दिसतंच ना.

"दिसतं. पण खरवडणाऱ्याला कोणी घरी बोलावत नाही हो."

हसलो. पण त्याच्याच बोलण्यातून एक धागा मिळाला. त्याचं म्हणणं, माणसाने काय केलं ते विचारू नका, त्याला काय माहीत होतं ते विचारा. केल्याला शंभर बाजू असतात, माहीत असण्याला एकच. हे मला पटलं. संध्याकाळपर्यंत प्रश्न उभा राहिला:

"चौकशीत शास्त्रावर हात ठेवून तुम्ही म्हणालात की माझ्या भावाने झाकण काढलं होतं. ते खोटं आहे हे बोलतानाच तुम्हाला माहीत होतं का?"

हो म्हणाला तर गेला. नाही म्हणाला तर देवाच्या घरात दुसऱ्यांदा खोटं बोलला, आणि मग त्याचं काय करायचं ते देव बघेल. दोन्हीकडून आवळतो. घरी परतताना तीनदा पुटपुटलो. इतकी गोड वस्तू मी आजवर हाताने केलेली नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवारच्या अभ्यासवर्गात आज सत्यावरच बोलणं निघालं. मी काढलं नव्हतं, पण माझ्यासाठीच निघालं असं मी धरून चाललो.

पाळकसाहेब म्हणाले, खटल्याच्या वेळी रोमी सुभेदाराने प्रभूला विचारलं, सत्य काय आहे? आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर निघून गेला. त्याची चूक प्रश्नात नव्हती, निघून जाण्यात होती. शिवाय त्याने 'काय' म्हणून विचारलं आणि समोर उभा होता 'कोण'. आपल्या धर्मात सत्य ही वस्तू नाही, ती व्यक्ती आहे. वस्तू हातात धरता येते. व्यक्तीच्या मागे जावं लागतं.

हे मला गावच्या शाळेपासून जड जातं. आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं, जे आहे ते आहे म्हणणं आणि जे नाही ते नाही म्हणणं म्हणजे सत्य. बाकडं तीन पायांचं असेल तर तीन. व्यक्ती कुठून आली त्यात? मी तसं विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, गुरुजींचं बरोबरच आहे. पण तीन पायांच्या बाकड्याचा चौथा पाय कुठे गेला हेही सत्यातच येतं.

मग त्यांनी जुन्या करारातल्या एका बाईची गोष्ट काढली. हेरांना छपरावर लपवून तिने शिपायांना थाप मारली आणि तरी शास्त्राने तिला विश्वासणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. कोणी म्हणालं, जीव वाचवायला खोटं चालतं तर. पाळकसाहेबांनी मान हलवली. जुन्या काळी एक थोर बिशप होऊन गेला, त्याच्या मते कुणाचा जीव वाचत असला तरी खोटं ते खोटंच. यावर मंडळी हजारभर वर्षं भांडते आहे आणि अजून निकाल लागलेला नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

मी त्या बिशपच्या बाजूचा. आज्ञा स्वच्छ आहे: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष नको. फोरमन कोपऱ्यात बसला होता. त्याने वर्गात एकच गोष्ट विचारली, अगदी हळू. आज्ञेत 'विरुद्ध' हा शब्द मुद्दाम घातला असेल का?

चोराच्या मनात चांदणं.

७ ऑक्टोबर, शनिवार

धाकट्याकडे गेलो तर फोरमन जिन्यावरून उतरत होता आणि मागोमाग धाकटा, टोपी घालून. रोज संध्याकाळी दोघं फिरायला जातात, नदीच्या पुलापर्यंत आणि परत. गेली दोन वर्षं, पाऊस असो थंडी असो. लोक याला मैत्री म्हणतात. मी याला पहारा म्हणतो. ज्याचं तोंड उघडण्याची भीती असते त्याला माणूस एकटं सोडत नाही.

धाकट्याने खिशातून लवंग काढून तोंडात टाकली. ही त्याची जुनी सवय, लग्नाच्याही आधीची. मला म्हणाला, बस ना दादा, येतोच. मी बसलो नाही.

रात्रीचं जेवण वाढताना हिला सगळा बेत सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "झाकण जागेवर होतं, तर हात आत गेला कसा?"

मी म्हटलं, सैल होतं.

"सैल होतं असं भाऊजी म्हणाले का?"

तो मुद्दाच नाही, म्हणालो. मुद्दा साक्षीचा आहे. तिने माझ्या ताटातला पाव उचलून परत टोपलीत ठेवला आणि म्हणाली, मग आता तो मुद्दाच खा. बायकांना तत्त्वाची गोष्ट कळत नाही असं मी म्हणणार होतो, पण मागच्या वेळी म्हणालो होतो तेव्हा आठवडाभर सूप अळणी मिळालं होतं.

८ ऑक्टोबर, रविवार

दुसरी हाक. फोरमन उभा राहिला, बसला. धाकट्याने एक पान उशिरा उलटलं आणि बाईंचा सूर चुकला.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज सगळे गुण्ये तपासायचा दिवस. काटकोन तपासायचं साधन स्वतः काटकोनात आहे की नाही हे कशाने तपासायचं? आम्ही फळीवर एक रेघ ओढतो, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी ओढतो. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. एका बाजूने खोटा गुण्याही खऱ्यासारखाच दिसतो. माझा उत्तम निघाला. तीन जणांचे भंगारात गेले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात फोरमन माझ्या बाकापाशी आला. पॉलिशवाल्याच्या पोटात काही राहत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. फोरमन म्हणाला, "रविवारी तू विचारणार आहेस म्हणे."

"हो."

"विचार." मग बराच वेळ तो भुशात बुटाचं टोक फिरवत राहिला. "एक करशील? धाकट्याला त्या दिवशी घरी ठेव. काही तरी निमित्त काढ."

मला हसू आवरेना. म्हटलं, का, तो समोर असला की घसा कोरडा पडेल?

तो म्हणाला, "तसंच समज."

अपराधी माणूस असाच असतो. ज्याला चिरडलं त्याच्या डोळ्यांत बघायची हिंमत नसते. मी धाकट्याला पहिल्या बाकावर बसवणार आहे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्गाला गेलो नाही. भावजय आली होती, हीही घरात होती. भावजयीने चहा घेतला नाही, शालही काढली नाही.

ती म्हणाली, रविवारचं सोडून द्या. मी विचारलं, तुला फोरमनने पाठवलं का? नाही म्हणाली. धाकट्याने? त्याला मी आलेय हे माहीतसुद्धा नाही, म्हणाली. मग तिने सुरुवात केली, "दादा, त्या दिवशी सकाळी हे घरातून निघाले तेव्हाच—" आणि मी तिला थांबवलं. मला पढवू नकोस, म्हणालो. माझ्या भावाला मी ओळखतो. वडील गेल्यावर त्याचा पाय घसरत होता तेव्हा मीच त्याला मंडळीसमोर उभं केलं. दारूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली आणि सांगितलं, मोडलीस तर मला भाऊ नाही. त्याने ती पाळली. असा माणूस निष्काळजी ठरतो आणि खोटी शपथ घेणारा पंच होतो, हे मी बघत बसू?

ती म्हणाली, "दादा, तुम्हाला खरं हवंय की फोरमन हवाय?"

दोन्ही एकच आहे, म्हटलं.

दारापर्यंत ही तिला सोडायला गेली. दोघी जिन्यात खूप वेळ काही बोलत होत्या. ही परत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासू लागली. काय म्हणाली, विचारलं. "तुम्हाला पढवलेलं चालत नाही ना," म्हणाली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी प्रार्थनेला ती स्तोत्रं काढली ज्यांत भक्त देवाला सांगतो, शत्रूचे दात मोड, त्याला उन्हातल्या गोगलगायीसारखा विरघळव. पाळकसाहेब ही कधी वाचत नाहीत. मला ती लहानपणापासून आवडतात. देवाशी इतकं खरं दुसरं कोणी बोललेलं नाही.

क्षमेबद्दल मी विचार केलेला नाही असं नाही. पण क्षमा केलेल्याची करतात. त्याने केलं हे आधी त्याच्या तोंडून आलं पाहिजे. ते आल्यावर करीन. बहुतेक करीन.

कोट झाडून ठेवला आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार. दुपार

जसं झालं तसं लिहितो.

तिसरी हाक झाली. मी उभा राहिलो. धाकटा पहिल्या बाकावर नव्हता, ऑर्गनपाशीच होता, तिथून हललाच नाही. मी प्रश्न विचारला. एक शब्द चुकला नाही. सगळ्या माना फोरमनकडे वळल्या.

तो उभा होता. त्याने ऑर्गनकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"हो," म्हणाला.

कुठे तरी एका बाईने श्वास ओढला, तो मला ऐकू आला. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणखी कोणाला काही विचारायचं आहे? इथे सगळं संपायला हवं होतं. मी जिंकलो होतो. छातीत इतकी ऊब होती की मला बसायचंही भान नव्हतं.

तेव्हा धाकटा पुढे आला. पानं उलटायचा हात त्याने खिशात घातला होता आणि तीन बोटं नसलेला बाहेर होता. म्हणाला, मला विचारायचंय. फोरमन घाईघाईने म्हणाला, "बस खाली." असं बोलायची रीत नाही. पाळकसाहेबांनी त्याला हाताने गप्प केलं.

धाकट्याने फोरमनला विचारलं, "त्या दिवशी करवतीवर मी पिऊन होतो का?"

फोरमनचा चेहरा मी कधी इतका जवळून पाहिला नव्हता. एका क्षणापूर्वी त्याने स्वतःवर कुऱ्हाड पडू दिली होती आणि पापणी हलली नव्हती. आता त्याच्या ओठांवर घाम होता.

"नाही," तो म्हणाला.

"पाळकसाहेब," धाकटा म्हणाला, "हे खोटं बोलतायत. आधीही माझ्यासाठीच बोलले."

मग पानं उलटायचं काम बाकी असल्यासारखा तो ऑर्गनपाशी परत गेला. बाईंनी शेवटचं गीत सुरूच केलं नाही. पाळकसाहेबांनी हात वर करून आशीर्वाद दिला तेव्हा त्यांना शब्द सापडत नव्हते, तेवीस वर्षांत प्रथमच. फोरमनचं नाव काढलं की ठेवलं, हे कोणी सांगितलं नाही.

घरी येताना ही माझ्या पुढे चालत होती.

मी पुन्हा पुन्हा तपासतोय. माझ्या प्रश्नात चूक नव्हती. उत्तरही खरं आलं. शास्त्रावर हात ठेवून तो खोटं बोललाच होता. आणि आज देवाच्या घरात माझ्यादेखत पुन्हा बोलला. त्या थोर बिशपच्या मते तो दोनदा पापी. मग लाज मला का वाटते आहे, हे मला कळत नाही. फोरमनचाच राग येतोय अजून. धाकट्यालाही त्याने 'हो' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या 'नाही'चं मी काय करू?

१६ ऑक्टोबर, सोमवार

कारखान्यात फोरमनने रोजच्यासारखं काम वाटलं. माझ्या वाट्याला शाळेची बाकं. पॉलिशवाल्याने दिवसभर तोंड उघडलं नाही, हे कारखान्याच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखं.

सुटल्यावर धाकट्याकडे गेलो. भावजयीने दार अर्धंच उघडलं. आज नको दादा, म्हणाली. आतून तो म्हणाला, येऊ दे.

मी बसलो नाही. विचारलं, मला का नाही सांगितलंस?

तो खिडकीपाशी होता. हळूहळू सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं करवत थांबली आहे. ती थांबली नव्हती, त्यालाच तशी दिसत होती. अडकलेला तुकडा काढायला त्याने झाकणाखालून हात घातला. तोंडाला दारूचा वास येत होता. फोरमनने सगळ्यांत आधी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, मग हात बांधला. दारू निघाली असती तर कामावरून काढलं असतं, फाटकही मिळालं नसतं. झाकण काढणं ही शुद्धीवरच्या माणसाची चूक असते. ती माफ होते. लवंगांबद्दलही बोलला, त्या वास लपवायला असायच्या. मी त्या किती वर्षं पाहत आलो होतो.

"दवाखान्यात मी तुला सांगायला लागलो होतो," म्हणाला. "झाकण जागेवर होतं म्हणालो. त्याच्या पुढचं तू ऐकलं नाहीस, दादा. तू उठून उभा राहिलास आणि विचारलंस, कोणाचं काम हे?"

मला ते आठवत नाही. तसं झालं असेल.

मी विचारलं, आता? म्हणजे अजून घेतोस का, असं विचारायचं होतं. त्याला कळलं. दोन वर्षांत नाही, म्हणाला. संध्याकाळची वेळ वाईट असते, म्हणून फोरमन फिरायला नेतात. पुलाच्या अलीकडे दारूचं दुकान आहे. ते त्या बाजूने चालतात, मी या बाजूने.

जिन्यावर पावलं वाजली. फोरमन दारात आला, मला पाहून थांबला. टोपी हातात होती. इतकी वर्षं त्याला पाहतोय, पण त्याच्या उभं राहण्यात कुठे राग शोधायचा ते मला सापडेना. सापडला असता तर सोपं गेलं असतं. धाकट्याने कोट घेतला. डाव्या हाताने बाही चढत नव्हती, फोरमनने खांद्याशी धरली, बोलणं न थांबवता, पावसाविषयी काही तरी.

बाहेर पडताना फोरमन वळला.

"येतोस?"

मी नाही म्हणालो. दोघं उतरून गेले.

मला जायचं होतं.